बाबांची गळाची काठी कोणाला द्यावी याबद्दल

तीर्थरूप दादा,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. वाकून म्हणजे मनातल्या मनात, कारण चार दिवस तंबूत जमिनीवर झोपून आल्यापासून कंबर वाकत नाही, आणि चुकून वाकलीच तर सरळ करायला माणूस लागतं. तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरतोस ना? वहिनींचा खोकला गेला का? मागच्या पत्रात तू लिहिलंस की औषध बदललं पण खोकला तोच राहिला. (मध आणि गरम पाणी दे, आणि ते औषधवाल्याला सांगू नकोस.) इकडे देवाच्या कृपेने आम्ही दोघं ठीक. यांच्या नाकाचं साल निघालंय आणि डाव्या पायाचा बूट नदीने ठेवून घेतलाय, एवढं सोडलं तर क्षेम आहे.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. रोज सकाळी देवापुढे बसले की त्याचं उत्तर लिहायचं ठरवते आणि रोज दुपारी धुणं आठवतं. आज धुणं नाही. तू लिहितोस, बाबांची खोली महिनाअखेर रिकामी करायची, कपाट गेलं, कामाचं टेबल गेलं, सगळं मार्गी लागलं, एक गळाची काठी तेवढी राहिली. आणि काठी एक, मागणारे दोन. पहिले तुझ्या शेजारचे डॉक्टर. त्यांना ती दवाखान्यात, पेशंट बसतात तिथल्या भिंतीवर आडवी टांगायची आहे. दुसरे आमचे हे. (यांनी तुला परस्पर पत्र घातलं हे मला तुझ्याच पत्रातून कळलं. तिकीट माझ्या डब्यातलं होतं.) आणि बाबा शेवटच्या आठवड्यात तुला म्हणाले होते की काठी ज्याला थांबता येतं त्याला दे, म्हणून तू मला विचारतोस: तुझ्या नवऱ्याला थांबता येतं का? तू देवाधर्माची बाई, नवऱ्यासाठीसुद्धा खोटं लिहिणार नाहीस, तेव्हा जे असेल ते लिही.

दादा, तू लहानपणीही असाच होतास. फुलदाणी तू फोडायचास आणि खरं सांगायला मला पुढे करायचास. बायकोला नवऱ्याविरुद्ध साक्षीला उभी करणं बरं नव्हे. पण विचारलंच आहेस तर लिहिते. नुकतेच आम्ही नदीवर चार दिवस राहून आलो, त्यात या प्रश्नाची पुरती परीक्षा झाली आहे. जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिते, पदरचं एक अक्षर घालत नाही. निकाल तू लाव.

आधी तुला आठवण करून देते की थांबणं म्हणजे काय, कारण तुला ते माहीत असण्याचं कारण नाही. तू बाबांबरोबर नदीवर दोनदाच आलास. पहिल्यांदा झोपलास. दुसऱ्यांदा भूक लागली म्हणून आमिषाचा अर्धा गोळा खाल्लास. (शिळा पाव, जरासा मध आणि बाबांच्या हाताचा घाम. तू म्हणालास, चव बरी आहे.) त्यानंतर तुला क्रिकेट सापडलं आणि सायकलच्या दांडीवर कायमची मी आले. सुट्टीच्या दिवशी बाबा पहाटे उठायचे, काठीचे तीन तुकडे फडक्यात बांधून सायकलला लावायचे. ती काठी त्यांनी स्वतः केली होती, आठवतं? बांबूचे तीन तुकडे, आणि सांध्याला पितळेच्या नळ्या, त्या त्यांनी घड्याळाच्या कामाच्या हत्यारांनी घासून इतक्या नेमक्या बसवल्या होत्या की जोडताना बारीक 'टक्' व्हायचं. मुठीला लाल दोरा गुंडाळलेला. काठावर पोचलं की पहिलं काम म्हणजे हातातलं घड्याळ काढून माझ्या फ्रॉकच्या खिशात. आठवडाभर लोकांच्या घड्याळांची टिकटिक ऐकणारा माणूस, त्या दिवशी किती वाजले हे एकदाही विचारायचा नाही. संध्याकाळी घरी जाताना घड्याळ परत मागायचे, बस्स.

माझ्याकडे वही होती. वार, पाण्याचा रंग, वारा कुठून, आमिष कोणतं, लागले किती, सुटले किती. ('सुटले' हा रकाना नेहमी लांब असायचा.) आणि मी मनात देवाचं नाव घेत बसायची. एकदा बाबांनी विचारलं, "काय पुटपुटतेस गं?" मी म्हटलं, प्रार्थना करते. "कशाची?" मासा सुटावा म्हणून, मी सांगून टाकलं, कारण तेव्हाही मला खोटं जमत नव्हतं. बाबा इतके हसले की गळाच्या दोरीवरचा तरंगता बुडाला तरी त्यांना कळलं नाही. "म्हणजे घरातच फितूर!" असं म्हणाले आणि त्या दिवसापासून डबा उघडला की पहिला घास मला देताना 'घ्या फितूर' म्हणायचे. तासन् तास बसायचे, दादा. पाठ सरळ, काठी मांडीवर, डोळे पाण्यावर. पाऊण दिवस गेला, काही नाही लागलं, तरी चेहरा असा की जणू कोणाच्या घरी बोलावून गेलेत आणि यजमान आत कपडे बदलतायत, येतीलच.

आता आमचे हे. यांनी टेलिफोनच्या कचेरीत तक्रारींच्या टेबलावर एकतीस वर्षं काढली. एकतीस वर्षं अख्ख्या गावाला 'थांबा, कळवतो' म्हणून थांबवून ठेवलं, आणि स्वतः मात्र दूध उतू जाईपर्यंतसुद्धा थांबू शकत नाहीत, तीनदा झाकण काढून बघतात. निवृत्त झाल्यावर मुलाने कॅमेरा पाठवला आणि त्याच आठवड्यात सुनेने गळाची तयार काठी पाठवली, ती दुमडणारी, दुर्बिणीसारखी. मुलाचं म्हणणं, बाबांनी वन्य प्राण्यांचे फोटो काढावेत. सुनेचं म्हणणं, बाबांनी शांत बसावं. दोघांचं आपसात बोलणं नसावं. यांनी जाहीर केलं की एकदा नदीवर जाऊन मासेमारी करणार आणि एकदा जंगलात जाऊन फोटो काढणार. आणि इथे, दादा, माझी चूक झाली, ती आधी कबूल करते. मी म्हटलं, दोनदा तंबू कशाला भाड्याने घ्यायचा? नदीलाच जंगल लागून आहे. प्राणी पाणी प्यायला नदीवरच येतात. मासे तर तिथेच राहतात. एका फेरीत दोन्ही उरका. मला वाटलं मी मोठी काटकसर केली. एकच बैल दोन गाड्यांना जुंपला हे मला तेव्हा समजलं नाही.

कारण गोष्ट अशी आहे (आणि ही मला काठावर बसून समजली, कुठल्या पुस्तकात नाही): मासा धरायचा तर पाण्याकडे बघावं लागतं आणि फोटो काढायचा तर झाडाकडे. मासा सावलीत, फोटो उन्हात. काठीला हात दोन लागतात, कॅमेऱ्याला दोन, आणि देवाने माणसाला एकूण दिलेत दोन. त्यातून शेजारच्या लग्नाचे फोटो काढणाऱ्याने यांना हातभर लांब लेन्स उसनी दिली. तिला स्वतःची तिपाई. काठीला आधाराला बेचक्याची फांदी. काठावर यांचा संसार असा मांडला होता की माझ्या स्वयंपाकाला बसायला जागा नव्हती.

पहिल्या दिवशी यांनी लपायचं ठरवलं. मी घरून जुना हिरवा पडदा शिवून झगा केला होता. (बैठकीतला. वहिनींनी 'टाकून द्या' म्हटलं होतं तोच. बघ.) त्याला यांनी कोवळी पानं खोचली, अगदी टोपीलासुद्धा, आणि एका हाती काठी, गळ्यात कॅमेरा, असे झुडपात बसले. तासाभराने बकऱ्या आल्या. तीसेक असतील. मधोमध एवढा हिरवागार, न हलणारा माणूस त्यांना कुठे मिळणार? आधी टोपी खाल्ली. हे फोटो काढत राहिले, कारण यांना वाटलं पाला हलतोय म्हणजे हरीण आलं. मग एका बकरीने खांद्यावरची पानं ओढली तेव्हा पडदाही टरकला. त्या तंबूंच्या तळाचा चौकीदार, फार कमी बोलणारा माणूस, लांबून बघत होता. बकऱ्या गेल्यावर आला आणि म्हणाला, "साहेब, उद्या पाला नका घालू. उद्या गाई असतात."

दुसऱ्या दिवशी झगा नाही. काठी बेचक्यात ठेवून हे तिपाईमागे उभे राहिले. मी तंबूत डोळे मिटून माळ ओढत होते, त्यामुळे पुढचं काही मी पाहिलं आणि काही चौकीदाराकडून ऐकलं. निळा, चकचकीत खंड्या आला आणि कुठे बसला असेल? यांच्याच काठीच्या टोकावर! यांच्यापासून हात दोन हात. लोकांना जन्मात मिळत नाही तो पक्षी नाकासमोर बसलेला. पण ती हातभर लेन्स अशी शहाणी की दहा पावलांच्या अलीकडचं तिला दिसतच नाही. लांबचं स्वच्छ, जवळचं धूसर. (आपल्या आत्याची आठवण झाली. तिला पलीकडच्या गल्लीतलं सगळं दिसायचं.) म्हणून हे कॅमेरा तिपाईवरून सोडवून गळ्यात अडकवून, डोळा न काढता एकेक पाऊल मागे सरकू लागले. खंड्या बसलेला. हे मागे. खंड्या बसलेला. नवव्या पावलाला तंबूची दोरी पायात आली आणि हे तंबूवर पडले, तंबू माझ्यावर पडला. मला वाटलं देवाने बोलावलं. मी 'आले' म्हटलंसुद्धा. नाक कॅमेऱ्यावर आपटून साल गेलं ते तेव्हाच. आणि मासे असे बेइमान की नेमक्या त्या क्षणी एकाने ओढ दिली, खंड्या उडाला आणि काठी सरसर पाण्यात. हे बुटासकट आत धावले, एक बूट चिखलात रुतला तो रुतलाच. ना खंड्या, ना मासा, ना काठी, ना बूट. तेल गेलं, तूप गेलं, म्हणतात ते यांच्याचसाठी, फक्त यांच्या हाती धुपाटणंही आलं नाही. चौकीदाराने होडी काढून काठी आणून दिली. "साहेब, मासा धरायचाय का फोटो काढायचाय?" त्याने विचारलं. हे म्हणाले, "दोन्ही." तो काठी टेकवून ठेवत म्हणाला, "मग मासेच काढतील तुमचा फोटो."

त्या दुपारी हे रुसून तंबू शिवत बसले आणि मी काठावर एकटी बसले. दादा, किती वर्षांनी अशी बसले असेन? लग्नानंतर नदी म्हणजे पुलावरून बसमधून दिसते तेवढीच. पाणी हिरवट होतं, बाबा ज्याला 'चहात दूध घालण्याआधीचं' म्हणायचे तसं नव्हे, नुसतं हिरवट. वारा मागून होता. हे सगळं मी मनात नोंदवत होते हे माझं मलाच उशिरा लक्षात आलं. बाबांच्या शर्टाचा वास आठवला, घड्याळाच्या तेलाचा आणि पावाचा. ते आठवत असताना खरकटी भांडी तशीच राहिली आणि मला त्याचं काही वाटलं नाही. असं माझ्या हातून होत नाही, तुला माहीत आहे. घरी एक चमचा खरकटा राहिला तर मी जपात चुकते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर पाणमांजरं आली. मी प्रथम पाहिली, पण बोलले नाही, बाबांच्या शिस्तीत काठावर बोलत नाहीत. एक आई आणि दोन पिल्लं. डोकी तेवढी पाण्यावर, गुळगुळीत, ओल्या दगडांसारखी. आई बुडी मारायची, मासा आणायची, खडकावर बसून पिल्लांना भरवायची, आणि पिल्लं एकमेकांच्या तोंडातलं ओढायची. (तू आणि मी. पावावरची साय. तू मोठा होतास आणि तरी.) हे त्या वेळी काठी हातात धरून बसले होते, शहाण्यासारखे, तब्बल अर्धा तास. पाणमांजरं दिसताच यांचा तोल गेला. काठीची काहीतरी व्यवस्था केली आणि कॅमेऱ्याकडे धावले. बटण दाबलं तर कॅमेरा म्हणाला, जागा नाही. बकऱ्यांनी भरलेला! मग हे एकेक बकरी पुसायला बसले. प्रत्येक बकरीला कॅमेरा विचारायचा, नक्की पुसू का? आणि हे प्रत्येक बकरी आधी नीट बघायचे, न जाणो एखादी चांगली आली असेल तर. समोर खडकावर तीन पाणमांजरं जेवतायत, अशी संधी पुन्हा सात जन्मांत नाही, आणि हा माणूस खाली मान घालून बकऱ्या निवडतोय. तेवढ्यात मासा लागला, काठावर आला, परत पाण्यात गेला. त्या गडबडीने पाणमांजरंही बुडी मारून गेली ती गेलीच. यांच्या कॅमेऱ्यात तोवर एका फोटोची जागा झाली होती. तो एक फोटो निघाला, पण तो पाणमांजराचा नाही. असो.

चौथ्या दिवशी तंबू गुंडाळला आणि परत आलो. बसमध्ये हे खिडकीशी बसून एकच वाक्य बोलले, "पुढच्या वेळी दोन कॅमेरे न्यायला हवेत."

तर दादा, ही साक्ष. मला लिहिताना वाईट वाटतं, माणूस मनाने सोन्यासारखा आहे, तंबू पडला तेव्हा आधी कॅमेरा नाही, मला बाहेर काढलं. (कॅमेरा यांच्या गळ्यातच होता, पण ते सोड.) पण तू थांबण्याचं विचारलंस. यांना थांबता येत नाही. बाबांच्या अटीप्रमाणे काठी यांना देता येणार नाही. डॉक्टरांना थांबता येतं की नाही ते मला माहीत नाही, यांनी काय आणि त्यांनी काय, आयुष्यभर दुसऱ्यांनाच थांबवलं आहे. पण भिंतीवर टांगलेल्या काठीला तरी निवांतपणा मिळेल. तेव्हा डॉक्टरांना देऊन टाक. मला त्यात काही म्हणायचं नाही. आपण म्हातारी झालो, वस्तू कुठेतरी जायच्याच. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्राचं उत्तर सवडीने दिलंस तरी चालेल.

तुझी धाकटी बहीण

ता. क. – डिंक आणायला उठले तेवढ्यात यांनी हे पत्र वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचणं वाईट हे सांगून झालं. यांचं म्हणणं असं: एक, बकऱ्या तीस नव्हत्या, एकोणीस होत्या, यांनी घरी येऊन एकेक पुसली आहे म्हणून यांना माहीत. दोन, तंबूची दोरी चौकीदाराने भलतीकडे बांधली होती. तीन, "सगळं लिहिलंस, अगदी बुटासकट. आणि 'काठीची काहीतरी व्यवस्था केली' म्हणजे काय गं? आणि मासा लागला, काठावर आला, तो काय पायांनी चालत आला?" मी म्हटलं, मी खोटं काही लिहिलेलं नाही. "खोटं नाही, पण अर्धं खाल्लंस," म्हणाले. देवापुढे बसून लिहिलेलं पत्र, त्यात असं नको, म्हणून लिहिते.

व्यवस्था अशी केली की काठी माझ्या हातात दिली. "धर जरा. हलू नकोस. बोलू नकोस. श्वाससुद्धा जपून घे." मी धरली. वर्षानुवर्षं दोन हात लांब बसून पाहिलेली गोष्ट, हातात घेतल्यावर मला वाटलं होतं त्यापेक्षा हलकी होती. आणि मग ओढ आली, दादा. तुला कसं सांगू? कोणीतरी पदर धरून 'चल' म्हणावं तशी. मी ओरडले नाही असं मला वाटतं. हे म्हणतात पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. पाणमांजरं गेली तीही माझ्यामुळेच, हे मी वर लिहिलं नाही. आणि मी प्रार्थना केली ती मासा यावा म्हणून. एवढी वर्षं एकच मागणं मागणारी बाई एकदम उलटं मागते, देवाला वाटलं असेल चुकीचा नंबर लागला. तरी त्याने दिलं. दोन्ही हातांत मावेना एवढा मिशावाला मासा आला. गळ कसा काढायचा हे मला कोणी शिकवलं नाही, पण अंगठा आपोआप जबड्याखाली गेला, बाबांचा जायचा तसा. मग मी त्याला पाण्यात धरून ठेवलं, त्याला दम येईपर्यंत, आणि सोडलं. सोडल्यावर पुष्कळ वेळ तिथेच उभी राहिले. यांनी हाका मारल्या म्हणे.

यांनी जो एक फोटो काढला तो तेव्हाचा. काठी वाकलेली, माझे केस सुटलेले, तोंड उघडं, हनुवटी पुढे. हे बघून म्हणाले, "अगं, हे तर सासरेबुवा!" आणि आता, पत्र वाचल्यावर, चष्मा पुसत म्हणाले, "माझा अर्ज मी मागे घेतला असं लिही तुझ्या भावाला." लिहिलं.

ता. क. दुसरा – दादा, डॉक्टरांना काठी देऊ नकोस. वर मी 'देऊन टाक, मला काही म्हणायचं नाही' लिहिलं आहे, ते खोडायला गेले तर पान खराब होईल, म्हणून तसंच ठेवते, पण तू वाचू नकोस. मला म्हणायचं आहे. ती मला हवी. बाबांनी मला कधी 'नको' म्हटलं नाही, मी कधी मागितली नाही, आणि तूही मला हवी का हे विचारलं नाहीस. दोघांत कोणाला देऊ एवढंच विचारलंस. तुला बोल लावत नाही. मलाही स्वतःला विचारायचं सुचलं नव्हतं, नदीवर जाईपर्यंत. तू दिली नसशील तर उत्तर सवडीने नको, लगेच दे. दिली असशील तर डॉक्टरांकडून परत आण, वहिनींच्या खोकल्याचं निमित्त करून जा हवं तर. त्यांच्या भिंतीला दुसरं काहीतरी सापडेल.

ता. क. तिसरा – पोस्टाने पाठवलीस तरी चालेल, तीन तुकडे वेगवेगळ्या फडक्यात बांध, पितळी नळ्या एकमेकींवर आपटू देऊ नकोस. पार्सलवर नाव माझं घाल. यांचं नको, 'द्वारा' नको, नावाआधी काही नको. शाळेच्या हजेरीत होतं ते पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट. त्या नावाने इथे कधी काही आलेलं नाही, पोस्टमन 'असं कोणी राहत नाही' म्हणून परत नेईल, म्हणून मी आजच त्याला फाटकाशी गाठून नाव सांगून ठेवलं. त्याने दोनदा म्हणून पाहिलं, पिशवी खांद्यावर सावरली आणि विचारलं, "कोण या बाई? नवीन राहायला आल्या का?" मी म्हटलं, "मीच."